कासवाचे निलंबन आणि सशिणीचा काठ

एका जंगलात एक म्हातारे कासव न्याय देत असे. किती वर्षे देत होते ते कोणालाच नक्की सांगता येत नसे, कारण ज्यांनी त्याला पहिल्यांदा न्यायशिळेवर चढताना पाहिले होते, ते सगळे केव्हाच मरून गेले होते. जंगलाच्या मधोमध एक डोह होता, डोहाच्या काठावर एक सपाट शिळा होती आणि तिच्यावर बसून कासव सगळ्यांचे वाद ऐके. त्याची एक रीत होती. सुनावणी सुरू झाली की ते डोके आणि पाय कवचात ओढून घेई आणि शेवटचा शब्द ऐकून होईपर्यंत बाहेर काढीत नसे. "समोर गवा उभा आहे की उंदीर, हे एकदा दिसलं की कान पक्षपात करतात," असे त्याचे म्हणणे होते. मुलांनो, ही रीत नीट लक्षात ठेवा. पुढचा सगळा घोळ हिच्यावरूनच झाला आणि तो सांगायच्या आधीच माझे डोके तापायला लागले आहे.

त्या डोहाला तीन बाजूंनी चिकणमातीचा उभा काठ होता. सांबरे आणि गवे तिथून मान खाली घालून पाणी पीत. चौथ्या बाजूला मात्र उथळ उतार होता. ससे, मुंगसे, साळिंदरे अशी सगळी बुटकी मंडळी पिढ्यान् पिढ्या तिथेच पाणी पीत आली होती. एके वर्षी थंडी सरता सरता राजा सिंहाला तो उतार आवडला. दुपारच्या वेळी पोट पाण्यात बुडवून पडायला जागा छान होती. त्याने उताराला बाभळीच्या काट्यांचे कुंपण घातले, पहाऱ्याला दोन रानकुत्रे बसवले आणि जागेला 'राजउतार' असे नाव देऊन टाकले. नाव दिले की जागा आपली होते, अशी मोठ्या लोकांची समजूत असते.

तेव्हा एक सशीण न्यायशिळेपुढे येऊन उभी राहिली. ती नुकतीच व्याली होती आणि तिला सहा पिल्ले होती. "हा उतार माझ्या आजीच्या आजीपासून सगळ्यांचा आहे," ती म्हणाली. "उभ्या काठावरून पाणी प्यायला गेली तर माझी पोरं घसरून बुडतील. राजाने खुशाल पाणी प्यावं, खुशाल डुंबावं. पण कुंपण काढा."

राजाच्या वतीने त्याचा दिवाण कोल्हा बोलायला उठला. "उतार राज्याच्या हितासाठी राखून ठेवलेला आहे," तो म्हणाला.

"कुठल्या हितासाठी?" सशिणीने विचारले.

"ते उघड करणं राज्याच्या हिताचं नाही," कोल्हा म्हणाला.

चार दिवस असेच चालले. चौथ्या दिवशी संध्याकाळी कासवाने डोके बाहेर काढले आणि सांगितले, "निकाल राखून ठेवला आहे. पौर्णिमेला देऊ." आता तुम्हीच सांगा, ऐकून झाले होते, मनात ठरलेही होते, मग तेव्हाच सांगून टाकायला काय हरकत होती? पण निकाल पौर्णिमेलाच द्यायचा अशी जुनी वहिवाट होती आणि कासवाने आयुष्यात एकदाही वहिवाट मोडली नव्हती.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी सकाळी कोल्हा शिळेसमोर येऊन उभा राहिला आणि त्याने सरकारी हुकूम मोठ्याने म्हणून दाखवला. "न्यायमूर्ती कासव सुनावणी चालू असताना झोपतात, अशी गंभीर तक्रार शासनाकडे आलेली आहे. सबब त्यांना निलंबित करण्यात येत आहे. चौकशी पूर्ण होईपर्यंत त्यांनी न्यायालयात येऊ नये. निलंबनाच्या काळात त्यांचे मुख्यालय डोहातला मधला खडक हे राहील आणि ते त्यांनी परवानगीशिवाय सोडू नये."

"तक्रार कोणी केली?" एका सांबराने विचारले.

"ते गोपनीय आहे."

"पण ते झोपले होते कशावरून?"

"त्यांचे डोळे उघडे होते असं तुम्ही पाहिलंत का?"

"कसे पाहणार? डोळे कवचात होते."

"मग झालं तर," कोल्हा म्हणाला आणि निघून गेला. सांबर बराच वेळ तिथेच उभे होते. आपण नक्की कुठे हरलो हे त्याच्या ध्यानात येत नव्हते.

कासव पाण्यात उतरले, पोहत मधल्या खडकाशी गेले आणि वर चढून बसले. हुकूम चुकीचा असला तरी तो रद्द होईपर्यंत पाळायचा, अशी त्याची शिकवण होती. आयुष्यभर त्याने दुसऱ्यांना हेच सांगितले होते. मात्र त्याने खडकावरून जाहीर केले की हा हुकूम बेकायदा आहे आणि आपण त्याविरुद्ध दाद मागत आहोत. प्रश्न असा पडला की त्याच्या वतीने बोलणार कोण? ज्यांची भांडणे त्याने मिटवली होती अशी शेकडो जनावरे जंगलात होती. त्यातल्या एकाचा घसा बसला होता, एकाच्या घरी लग्न होते आणि बाकीची 'आमचा कासवसाहेबांना पूर्ण पाठिंबा आहे' असे हळू आवाजात सांगून झुडपात गेली. शेवटी सशीणच उभी राहिली. तिचा कासवावर फार जीव होता अशातला भाग नाही. तिला निकाल हवा होता आणि तो कासवाच्या डोक्यात होता.

कासवाच्या खालोखाल ज्येष्ठ न्यायाधीश बगळा होता. पांढराशुभ्र, सोवळा, एका पायावर उभा. स्वभावाने वाईट नव्हता हो, पण निर्णय घ्यायचा म्हटले की त्याचा दुसरा पाय काही खाली येत नसे. घोटाभर पाणी असल्याशिवाय त्याला उभे राहता येत नसे, म्हणून तो शिळेवर न बसता तिच्या खालच्या एका बुडालेल्या कातळावर उभा राहून न्यायालय चालवी. बगळा जिथे उभा राहील तिथे न्यायालय, असे सगळे मानू लागले. त्याने पहिली तारीख दिली ती पळस फुलेल तेव्हाची.

पळस फुलला. सशीण पहाटेच येऊन बसली होती.

"निदान कुंपण तेवढं काढायला सांगा," ती म्हणाली. "बाकीचं सावकाश चालू द्या."

"कुंपणाचा प्रश्न मूळ दाव्यातला आहे," बगळा म्हणाला. "मूळ दावा कासवांनी ऐकला आहे. ज्याने ऐकलं त्यानेच निकाल द्यायचा, असा नियम आहे."

"मग त्यांना बोलवा."

"ते निलंबित आहेत."

"मग निलंबन उठवा."

"त्याचीच तर सुनावणी चालू आहे."

"मग ऐका."

"आज ऐकता येणार नाही," बगळा म्हणाला. "सरकारने मुदत मागितली आहे."

"राजेसाहेबांचं म्हणणं घ्यायचं राहिलं आहे," कोल्हा नम्रपणे म्हणाला. राजेसाहेब तेव्हा वीस पावलांवर उतारात पडले होते आणि त्यांचे घोरणे सगळ्यांना ऐकू येत होते. तरीही बगळ्याने मुदत दिली. पुढची तारीख मोहाची फुले गळतील तेव्हाची.

त्या दोन तारखांच्या मधल्या काळात सशिणीचे धाकटे पिल्लू उभ्या काठावरून घसरून पाण्यात पडले. चिकणमातीवर त्याला पाय रोवता आले नाहीत. आणखी दोघांना घेऊन ती टेकडीपलीकडच्या ओढ्याकडे निघाली होती, तर उघड्या माळावर ससाण्याने दोन्ही उचलली. सहाची तीन झाली. त्या दिवशी ती डोहाच्या काठावर आली आणि मधल्या खडकाकडे तोंड करून ओरडली, "न्यायमूर्ती, निकाल तुमच्या मनात तयार आहे ना?"

"आहे," कासव खडकावरून म्हणाले.

"मग इथून सांगा. सगळं जंगल ऐकतंय."

"इथून सांगितला तर तो निकाल होत नाही, बाई. ती नुसती एका म्हाताऱ्याची बडबड होते. उद्या कोल्हाच म्हणेल की निलंबित असताना निकाल दिला, म्हणून तो रद्द. तुझं कायमचं नुकसान होईल."

"माझं नुकसान आत्ता होतंय. निदान बगळ्यासमोर येऊन सांगा की तुम्ही झोपला नव्हता."

"न्यायालयात यायचं नाही, असा हुकूम आहे."

"तो हुकूम चुकीचा आहे असं तुम्हीच म्हणता."

"चुकीचा आहे. पण आहे."

सशिणीने त्यावर काय म्हटले ते मी इथे लिहीत नाही, कारण ही गोष्ट लहान मुले वाचतात. कासवाचे चुकले का? मला आजतागायत ठरवता आलेले नाही. ते चालून आले असते तर कोल्ह्याला आयते निमित्त मिळाले असते, हे खरेच आहे. आणि तीन पिल्ले गेली, हेही खरे आहे.

मोहाची फुले गळली. या खेपेला साक्षी झाल्या. सांबर, साळिंदर, मुंगूस असे सगळे ओळीने आले. सगळ्यांना ठाऊक होते की कासव झोपत नाही. त्याने दिलेल्या निकालांत प्रत्येकाचा शब्द न् शब्द आलेला त्यांनी ऐकला होता. पण त्या जंगलातली जनावरे फार प्रामाणिक होती आणि कोल्ह्याला हे पक्के माहीत होते.

"कासवाचे डोळे उघडे असल्याचं तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंत का?" त्याने प्रत्येकाला विचारले.

"पाहिलं नाही, पण माझी खात्री आहे," सांबर म्हणाले.

"मी खात्री विचारली नाही. पाहिलंत का?"

"नाही."

साळिंदर म्हणाले, "उघडे होते असं सांगता येणार नाही. पण मिटले होते असंही सांगता येणार नाही." आणि आपण अगदी तोलून बोललो म्हणून ते समाधानाने घरी गेले. मुंगसाने तर कासवाला डोळे आहेत की नाहीत, एवढ्यापासून सुरुवात केली. सशिणीने कपाळाला हात लावला. बगळ्याने पुढची तारीख दिली, बहावा फुलेल तेव्हाची.

आता ऊन भलतेच कडक झाले होते. डोहाचे पाणी रोज एकेक वीत खाली जात होते. उथळ उतार सर्वांत आधी उघडा पडला. राजेसाहेबांना डुंबायला पाणी उरले नाही तशी ते आपला लवाजमा घेऊन नदीवर उन्हाळी मुक्कामाला निघून गेले. मुलांनो, तुम्हाला वाटेल की आता तरी कुंपण निघाले असेल, खटला मिटला असेल. छे. रानकुत्रे कोरड्या उताराचा पहारा करत राहिले, कारण पहारा उठवण्याचा हुकूम कोणी दिला नव्हता. आणि कोल्हा खटला लढवत राहिला. कशासाठी, असे सांबराने विचारले, तेव्हा तो म्हणाला, "आता हा तत्त्वाचा प्रश्न आहे."

पाणी मागे सरे तसा बगळाही मागे सरे. त्याचा पहिला कातळ कोरडा पडला तेव्हा तो खालच्या कातळावर आला. तोही उघडा पडला तेव्हा आणखी आत. न्यायालय रोज चार पावले डोहाच्या मध्याकडे जाऊ लागले आणि फिर्यादी, साक्षीदार, बघे सगळे त्याच्या मागून भेगाळलेल्या तळातून चालत जाऊ लागले. बहावा पिवळाजर्द फुलला त्या दिवशी डोहात फक्त मधल्या खडकाभोवती थोडे पाणी उरले होते. बगळा जाऊन उभा राहिला तो नेमका तिथेच, कासवाच्या नाकासमोर.

"पुकारा करा," बगळा म्हणाला.

"पुकारायची गरज नाही," कासव म्हणाले. "मी हजर आहे."

कोल्हा ताडकन उठला. "हरकत आहे. निलंबित न्यायाधीशांनी न्यायालयात येऊ नये, असा स्पष्ट हुकूम आहे."

"मी आलो नाही," कासव म्हणाले. "मी पळस फुलायच्या आधीपासून याच खडकावर बसलो आहे. न्यायालय माझ्याकडे आलं. त्याला मनाई करणारा हुकूम दिवाणजींनी काढल्याचं माझ्या ऐकिवात नाही."

कितीतरी महिन्यांनी बघ्यांत हशा पिकला. कोल्हा हुकूम मनातल्या मनात पुन्हा म्हणू लागला, पण त्यात खरोखरच तसे काही नव्हते.

मग कासवाने चार दिवसांची सुनावणी म्हणून दाखवली. सशिणीची बाजू तिच्याच शब्दांत, कोल्ह्याची बाजू त्याच्या शब्दांत. साळिंदर कुठे खोकले, सांबराने कोणते वाक्य अर्धवट सोडले, तेही सांगितले. "तिसऱ्या दिवशी दुपारी," ते पुढे म्हणाले, "राजेसाहेब ऐकायला आले होते. दिवाणजी त्यांना शिळेच्या अगदी जवळ घेऊन आले आणि हळूच म्हणाले, 'म्हातारं झोपलंय, इथे बोलायला हरकत नाही. निकाल आपल्या विरुद्ध जातोय, महाराज. त्याच्या आधी याला इथून उठवायला हवं.' मी झोपलो होतो असं त्यांना खरंच वाटलं होतं, एवढं मात्र मी त्यांच्या बाजूने सांगेन."

कोल्ह्याने घसा साफ केला. बगळ्याने दुसरा पाय खाली टेकवला. "निलंबनाचा हुकूम रद्द," तो म्हणाला. "कासवांना सन्मानाने परत घेण्यात यावं." असा छोटा, स्वच्छ निर्णय आपल्या चोचीतून निघालेला ऐकून तो स्वतःच दचकला.

जंगलात आनंदीआनंद झाला. घसा बसलेले गाऊ लागले आणि झुडपातले बाहेर येऊन 'आम्ही पहिल्यापासून म्हणत होतो' असे एकमेकांना सांगू लागले. कासवाला मिरवत न्यायशिळेवर नेण्यात आले. नशिबाने त्याच दिवशी पौर्णिमा होती. कासवाने निकाल सांगितला, आणि तो एका वाक्याचा होता. "उतार सगळ्यांचा आहे. कुंपण आजच्या आज काढावं."

"सरकार न्यायालयाचा संपूर्ण आदर करतं," कोल्हा म्हणाला आणि त्याने तिथल्या तिथे रानकुत्र्यांना आज्ञा केली. एवढ्या तत्परतेने सरकारने कधी काही केल्याचे कोणाला आठवत नव्हते. बघता बघता बाभळीचा शेवटचा काटा बाजूला झाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मान सशिणीचा म्हणून तिला पहिल्यांदा आत सोडण्यात आले.

सशीण आपली उरलेली दोन पिल्ले घेऊन उतारावर गेली. हो, दोनच. तिसरे बहावा फुलायच्या आठवडाभर आधी तहानेने गेले होते. उतारावर पायाला चटके बसत होते. हात हात रुंद भेगा पडल्या होत्या आणि एका भेगेत वाळलेल्या मासोळ्या होत्या. पिल्लांनी सवयीने नाक खाली लावले आणि वर करून आईकडे पाहिले. पाणी दूर मधल्या खडकापाशी होते. सभोवती गुडघाभर गाळ होता. त्यात न्यायालयाच्या गर्दीतले गव्याचे एक वासरू सकाळीच रुतून बसले होते.

कासव शिळेवरून हळूहळू उतरून तिच्याजवळ आले. "निकाल तुझ्या बाजूने लागला, बाई," ते म्हणाले. "अक्षरशः सगळा तुझ्या बाजूने."

"लागला खरा," सशीण म्हणाली. "तुम्ही मोठे आहात, तुम्ही हुकूम मोडला नाहीत, तुमचं पद तुम्हाला परत मिळालं. आता पाणी कुठे मिळेल तेवढं सांगा. पोरांना संध्याकाळपर्यंत पाजायला हवं."

सगळे नियम पाठ असलेले कासव मान वळवून मधल्या खडकाकडे पाहू लागले. सशीण दोन्ही पिल्लांना पुढे घालून उघड्या माळावरून टेकडीपलीकडच्या ओढ्याकडे निघाली. आकाशात ससाणा घिरट्या घालत होता. तिने एकदा वर पाहिले आणि चालू लागली. मागे न्यायशिळेपाशी सत्काराची भाषणे सुरू झाली होती आणि पहिले भाषण कोल्हा करत होता.

तात्पर्य : न्यायाधीशाला हटवणाऱ्याचे न्यायाधीशाशी वैर असतेच असे नाही, त्याला बहुधा नुसता वेळ काढायचा असतो. म्हणून न्यायाधीश परत आले एवढ्यावर टाळ्या वाजवू नका. ज्याचा निकाल अडला होता, त्याला पाणी मिळाले का, हे आधी विचारा.